तिच्या नावावरची पत

नमस्कार मैत्रिणींनो. आणि आज मुद्दाम म्हणते, नमस्कार भावांनो. पहिली पाळी उरकून कुणी घरी टेकला असेल, कुणी दुसऱ्या पाळीच्या बसची वाट बघत कानात रेडिओ लावून उभा असेल, तर आजचं निम्मं बोलणं तुमच्यासाठीच आहे.

विषय असा आहे. लग्न होऊन आपल्या पिंपरी-चिंचवडात आलेली बाई. कुणी बीडची, कुणी लातूरची, कुणी बुलढाण्याची. कुणी बिहारमधून आली, कुणी ओडिशातून. आपल्या पिंपरी कॅम्पात तर थेट सरहद्दीपलीकडून, सिंधमधून सून होऊन आलेल्याही आहेत. इथे येऊन ती घर चालवते, भाड्याची तारीख पाळते, पोराची फी भरते. पण बँकेच्या दारात उभी राहिली की तिचं नाव कुठल्याच वहीत सापडत नाही. अशा बाईची पत शून्यापासून कशी उभी करायची, आणि त्यात नवऱ्याने काय करायचं नि काय अजिबात करायचं नाही, ते आज सांगते. मी बरीच वर्षं एका बँकेच्या कर्ज विभागात बसून काढली आहेत. त्या टेबलाच्या पलीकडून नवरा-बायकोच्या जोड्या पाहिल्या, की घरात कोण कुणाच्या नावावर काय उचलतं ते लवकर कळायला लागतं.

आधी पत म्हणजे काय ते बघू. गावाकडे वाण्याच्या दुकानात तुम्ही गेलात, दोन किलो साखर घेतलीत आणि म्हणालात की पैसे बाजाराच्या दिवशी देते, तर वाणी वहीत लिहून घेतो. का? कारण तुम्ही कुणाची लेक, कुणाची सून, तुमच्या सासऱ्याने मागच्या दुष्काळातसुद्धा उधारी बुडवली नाही, हे त्याला माहीत असतं. ती पत. ती माणसाच्या ओळखीवर चालते आणि गावाची वेस ओलांडली की संपते. काळेवाडीतला किंवा भोसरीतला दुकानदार तुम्हाला ओळखत नाही. आणि हे गावच सगळं बाहेरून आलेल्यांचं. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, मग एमआयडीसी आली, टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली, पुढे चाकण उभं राहिलं. त्याही आधी, फाळणीनंतर इथे निर्वासितांची छावणी पडली होती. ती माणसं सिंधमधली घरंदारं, पेढ्या, जुनी ओळखपाळख सगळं मागे टाकून आली. इथे त्यांना ओळखणारं कोण होतं? आज पिंपरीचा बाजार बघितला की वाटतं, शून्यातून पत उभी करणं म्हणजे काय, ते या गावाला शिकवायला नको.

आता वाण्याच्या वहीची जागा एका मोठ्या वहीने घेतली आहे. आपण सगळे तिला सिबिल म्हणतो. खरं तर अशा चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. सिबिल सगळ्यांत जुनी, २००० साली स्थापन झालेली, म्हणून तिचंच नाव तोंडात बसलं. देशातल्या बँका आणि फायनान्स कंपन्या आपापल्या कर्जदारांची माहिती या कंपन्यांना कळवतात. कुणी किती घेतलं, कुणी हप्ता वेळेवर भरला, कुणाचा किती दिवस थकला. त्यावरून तीनशे ते नऊशेच्या मधला एक आकडा निघतो. सातशे-साडेसातशेच्या वर असला की बँकेतल्या साहेबाचा चेहरा जरा सैल होतो.

पण ज्या बाईने आयुष्यात एकदाही स्वतःच्या नावावर कर्ज घेतलेलं नाही, तिचा आकडा कमी नसतो. तिचा आकडाच नसतो. पान कोरं. हा फरक नीट लक्षात घ्या, कारण काउंटरवरचे लोकसुद्धा दोन्ही एकाच सुरात सांगतात, ‘मॅडम, तुमचं सिबिल नाही.’ बाई बिचारी समजते की आपलं काहीतरी वाईट निघालं. नाही हो. वाईट पान आणि कोरं पान यांत, बुडव्या माणूस आणि नवा माणूस यांच्याइतकं अंतर आहे. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज, केवळ त्याचा पूर्वीचा इतिहास नाही एवढ्याच कारणावरून फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलेलं आहे. याचा अर्थ कर्ज मिळेलच असा नाही, उत्पन्न वगैरे बँक बघणारच. पण ‘सिबिल नाही, जा’ एवढ्यावर कुणी परतवत असेल तर, ‘हे लेखी द्या’ असं शांतपणे म्हणायला हरकत नाही.

आता गंमत बघा. आपल्या बाईने व्यवहार केलेलाच नसतो का? भिशी बारा महिने एकही तारीख न चुकवता भरते. किराण्याची उधारी फेडते. घरभाडं पाच तारखेच्या आत. यातलं काहीही त्या वहीत जात नाही. बचत खात्यातली शिल्लक जात नाही, आवर्त ठेव जात नाही, लाडकी बहीणचे महिन्याचे दीड हजार खात्यात साठवलेत तर तेही जात नाहीत. कारण ती वही कर्जाची आहे, बचतीची नाही. बचत ही तुमची ताकद आहे, पण पत म्हणजे दुसऱ्याचे पैसे घेऊन ते परत केल्याची नोंद. कंपनीतल्या कामगार पतसंस्थेचं तरी काय? पगारातून हप्ता कापला जातो, वर्षानुवर्षं चोख फेड होते, पण बऱ्याच पतसंस्था या वहीला माहिती कळवतच नाहीत. नावात ‘पत’ असून तिथली पत बँकेच्या दारापर्यंत पोचत नाही. सहकारी बँकांचं तसं नाही, त्या कळवतात. बचत गटाचं कर्ज असेल तर ते गटाच्या नावावर असतं. तुमच्या एकटीच्या नावे किती नोंद झाली आहे, ते बँकेत जाऊन विचारा.

आता मला ज्या गोष्टीचा राग येतो, तिच्यावर येते. सोनं.

लग्नात माहेरून आलेला गंठण, पाटल्या, कानातलं. पहिल्यांदा अडचण येते, कुणाचं कंत्राट संपतं, कुणाची डिपॉझिटची रक्कम भरायची असते, तेव्हा ते सोनं बँकेत जातं. बाई नवऱ्याबरोबर येते, हातरुमालाची गाठ सोडते, दागिना ट्रेमध्ये ठेवते. आणि अर्ज कुणाच्या नावाचा? नवऱ्याच्या. त्याचं खातं तिथे आहे, त्याचा पॅन तयार आहे, पटकन होतं, म्हणून. मग दर महिन्याला व्याज भरलं जातं, तेही पुष्कळदा तिने घरखर्चातून वाचवलेल्या पैशातून. वर्षाने दागिना सुटतो. त्या वहीत नोंद होते की अमुक गृहस्थांनी सोनेतारण कर्ज घेतलं आणि चोख फेडलं. सोनं तिचं, काटकसर तिची, आणि वर गेला त्याचा आकडा. स्त्रीधन ही बाईची स्वतःची मालमत्ता आहे, नवरा फार तर तिचा राखणदार, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच प्रतिभा राणी खटल्यात सांगून ठेवलंय. तेव्हा भावांनो, तुमच्याकडून पहिली अपेक्षा एवढीच आहे. पुढच्या वेळी सोनं ठेवायची वेळ आलीच, तर ते बँकेत ठेवा आणि कर्ज तिच्या नावावर काढा. तुम्हाला एक पैसाही जादा पडत नाही. अडचण तीच, व्याज तेच, फक्त अर्जावरचं नाव बदलतं. कोऱ्या पानावर पहिली ओळ लिहायचा इतका सोपा मार्ग दुसरा नाही, कारण तारण असल्यामुळे बँक जुन्या इतिहासासाठी अडून बसत नाही. मात्र व्याजाची तारीख पाळायची. आणि पत वाढते म्हणून गरज नसताना सोनं ठेवायला जाऊ नका, हेही सांगून ठेवते.

हे सगळं सुरू करण्याआधी एक अडथळा असतो, आणि आपल्या महाराष्ट्रात तो फार मोठा आहे. नाव. आपल्याकडे मुलगी लग्न करून आली की आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, आणि काही घरांत तर तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहून पहिलं नावही बदलतात. उखाण्यात ती नवऱ्याचं नाव घेते त्याचं सगळ्यांना कौतुक. पण तिचं स्वतःचं नाव शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकावर तिसरं असतं, त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. ती वही तुम्हाला चेहऱ्याने ओळखत नाही. नाव, जन्मतारीख, पॅन आणि पत्ता जुळवून ओळखते. नावं जुळली नाहीत तर एकीची नोंद दोन पानांवर विखुरते, किंवा भलत्याच बाईचं थकलेलं कर्ज तुमच्या पानावर येऊन बसतं.

तेव्हा कुठलं तरी एक नाव ठरवा. माहेरचं ठेवायचं असेल तर माहेरचं; कायद्याने लग्नानंतर नाव बदलावंच लागतं असं नाही, हे सासूबाईंनाही सांगा. बदलायचं असेल तर आधी विवाह नोंदणीचा दाखला हातात घ्या. त्यावरून आधार, मग पॅन, मग बँक, या क्रमाने सगळीकडे एकच नाव करा. पहिलं नावही बदललं असेल तर राजपत्रात नाव छापून घेणं पक्कं. पॅनकार्डावर वडिलांचं नाव असतं, ते लग्नानंतरही वडिलांचंच राहतं. तिथे नवऱ्याचं नाव घालायला धावू नका. पत्त्याचं म्हणाल तर भाडेकरार बहुधा नवऱ्याच्या एकट्याच्या नावाचा असतो आणि बायकोकडे इथल्या पत्त्याचा कागदच नसतो. पुढचा करार करताना दोघांची नावं घाला. तोवर, कुटुंबप्रमुखाच्या आधारवरून बायकोचा पत्ता बदलायची ऑनलाइन सोय २०२३ पासून आहे; नातं दाखवायला तोच विवाहाचा दाखला लागतो.

कॅम्पातल्या ज्या बहिणी सरहद्दीपलीकडून आल्या आहेत, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. पाकिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख वगैरे अल्पसंख्य कुटुंबांना दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहता येतं, आणि त्या व्हिसावर पॅन काढायला मुभा आहे. २०१८ पासून रिझर्व्ह बँकेने त्यांना एक एनआरओ खातं उघडायची परवानगी दिली आहे. नागरिकत्व मिळालं की तेच खातं साधं निवासी खातं होतं. काउंटरवरच्या पोराला हा नियम ठाऊक नसण्याची शक्यता मोठी, त्यामुळे व्यवस्थापकांनाच भेटा. नवरा भारतीय नागरिक असेल तर लग्नाच्या नात्याने नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, पण त्याआधी सात वर्षं इथे राहावं लागतं. २०१६ च्या अखेरीस या अल्पसंख्य कुटुंबांच्या अर्जांचे अधिकार पुण्यासह काही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले गेले, त्याने बऱ्याच जणांचं काम झालं. माझं सांगणं एकच. व्हिसावर असताना काढलेला पॅन जपून ठेवा. नागरिकत्व मिळाल्यावर आता मी नवी झाले म्हणून दुसरा पॅन काढू नका. दोन पॅन बाळगणं हा दहा हजार रुपये दंडाचा गुन्हा आहे, आणि जुन्या पॅनवर जमलेली पतही त्यात विखुरते. त्याच पॅनवर माहिती दुरुस्त करून घ्या.

कागद जुळले, तिचं स्वतःचं खातं आहे, त्या खात्याला तिचाच मोबाइल जोडलेला आहे. हो, तिचाच. ओटीपी नवऱ्याच्या फोनवर येत असेल तर ते खातं नावालाच तिचं. आता पुढे काय?

ज्या घरात थोडी शिल्लक आहे तिथे मी मुदत ठेवीवरचं क्रेडिट कार्ड सुचवते. समजा, तिच्या नावावर वीस हजारांची ठेव ठेवली. बँक ती ठेव तारण धरून पंधरा-सोळा हजार मर्यादेचं कार्ड देते. ठेवीवर व्याज चालूच राहतं. पगाराची स्लिप कुणी मागत नाही, कारण बँकेचे पैसे सुरक्षित आहेत. या कार्डावर काय घ्यायचं? जे नाहीतरी घ्यायचंच आहे तेच. लाइटबिल, गॅसची टाकी, महिन्याचं रेशन. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत राहा, म्हणजे पंधरा हजारांचं कार्ड असेल तर महिन्याला साडेचार हजारांच्या आत. बिल आलं की पूर्ण भरायचं. बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून एक छोटा आकडा छापलेला असतो, चारशे-पाचशे रुपयांचा. त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. तेवढाच भरला तर उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. एवढं व्याज आपल्या गावातला सावकारही मागताना जरा इकडेतिकडे बघतो. बँकेला सांगून पूर्ण बिल खात्यातून आपोआप वळतं करून घ्या आणि त्या तारखेला खात्यात पैसे ठेवा. सहाएक महिने असं केलं की आकडा दिसायला लागतो. घाई करून चार ठिकाणी अर्ज टाकू नका. बँकेने तुमची चौकशी केली की तीही वहीत उमटते, आणि थोड्या दिवसांत पाच चौकशा दिसल्या की वाटतं, बाई पैशासाठी दारोदार फिरतेय.

नवऱ्याच्या क्रेडिट कार्डावर बायकोच्या नावाचं पुरवणी कार्ड निघतं. तिकडे परदेशी गेलेली आपली मंडळी बायकोची पत सुरू करायला हाच उपाय करतात. हिंजवडीतून अमेरिकेला गेलेल्या जोडप्यांत बायको बहुधा नवऱ्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर जाते. इथला सिबिलचा आकडा तिथे चालत नाही, म्हणजे नवराही कोराच. तो आधी स्वतःचं कार्ड उभं करतो आणि मग तिला त्यावर जोडतो, आणि तिथे ते बायकोच्या खात्यातही दिसतं. इथे मात्र पुरवणी कार्डाचा हिशेब मुख्यतः मूळ कार्डवाल्याच्या नावावर चढतो. सोयीसाठी घ्या, पण त्याने तिची पत उभी राहील यावर विसंबू नका. आणि अमेरिका म्हणजे काही फार पुढे होती असं समजू नका हं. तिथे बाईला बाई म्हणून किंवा विवाहित म्हणून कर्ज नाकारायचं नाही असा कायदा व्हायला १९७४ साल उजाडलं. त्याआधी नवऱ्याची सही आणा म्हणायचे. त्याच १९७४ साली आपल्या पुण्यात बायकांनी बायकांसाठी चालवलेली भगिनी निवेदिता सहकारी बँक निघाली. आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या गिरणगावात प्रेमा पुरव यांनी खाणावळवाल्या बायकांना एकत्र केलं.

या खाणावळवाल्या कोण, हे आजच्या पोरींना सांगायला हवं. गावाहून एकटे आलेले गिरणी कामगार ज्यांच्या घरी जेवत, त्या बायका. स्वतःही गावाहून नवऱ्यामागे मुंबईत आलेल्या. कामगार पगाराला पैसे देणार, तोवर किराणा उधारीवर, आणि उधारीवर वाणी म्हणेल तो भाव. दहा-पंधरा माणसांना रोज दोन वेळ जेवू घालणारी बाई, पण बँकेच्या लेखी शून्य. प्रेमाताईंनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात आणलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बँकवाले म्हणत, हिच्याकडे तारण काय? बायका एकमेकींना जामीन राहिल्या. त्यांच्या कन्या मेधा पुरव-सामंत यांनी पुढे १९९३ पासून पुण्यातल्या वस्त्यांमध्ये, भाजीवाल्या बायकांपासून, तेच काम सुरू केलं. आपल्या चाकण-भोसरीतही कंत्राटी पोरांचे डबे करणाऱ्या किती बायका आहेत! कहाणी तीच, फक्त गिरणीऐवजी गाडीचे सुटे भाग.

तुम्ही हातगाडीवर, पदपथावर काही विकत असाल, तर तुमच्यासाठी पीएम स्वनिधी आहे. २०२० साली सुरू झाली, आता २०३० च्या मार्चपर्यंत वाढवली आहे. विनातारण पहिलं कर्ज पंधरा हजारांपर्यंत, ते फेडलं की पंचवीस हजारांपर्यंत, मग पन्नास हजार. वेळेवर फेडलं तर व्याजात सात टक्के सवलत. पायरी-पायरीने पत चढवायला याहून सरळ जिना मला माहीत नाही. पण गाडी तुम्ही चालवता आणि फेरीवाला म्हणून महापालिकेत नोंद नवऱ्याची, असं असेल तर जिना तो चढेल आणि तुम्ही खालीच राहाल. नोंद कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या मैत्रिणींनीही सोसायटीतल्या ताईंना सांगून पगार रोख न घेता स्वतःच्या खात्यात घ्यावा. त्याने थेट आकडा वाढत नाही, पण उद्या कर्ज मागताना कमाई दाखवायला पासबुक तरी बोलतं.

आता भावांनी काय करू नये.

बायकोचं पान कोरं आहे, स्वच्छ आहे, म्हणून तिच्या नावावर आपल्यासाठी कर्ज उचलू नये. हे फार चाललंय. नवऱ्याचे हप्ते थकलेले, त्याला कुणी उभं करत नाही, मग बायकोला गटकर्जाच्या मीटिंगला पाठवायचं किंवा तिचा आधार लावून मोबाइलच्या ॲपवरून पाच-दहा हजार काढायचे. सूक्ष्म कर्ज धरून घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. तो धाब्यावर बसवायला उत्पन्न फुगवून सांगितलं जातं. मग पुरुष कामावर असतो आणि हप्ता मागायला माणूस दारात येतो तेव्हा उभी ती राहते. तो पैसा कुठे गेला हे तिला माहीतही नसतं. कोऱ्या पानावर लिहिलेली पहिली ओळच थकबाकीची असली तर ती पुसायला वर्षं जातात. मैत्रिणींनो, सही करण्याआधी कर्ज किती, हप्ता किती, पैसे कुणाच्या खात्यात पडणार, एवढं विचारा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘तुझ्या नाही’ असं आलं तर पेन खाली ठेवा.

घरकर्जाचंही असंच एक बघा. चिखली, मोशी, चऱ्होलीकडे फ्लॅट घेताना दोघांचं उत्पन्न लागतं म्हणून बायकोला सहकर्जदार करतात. चांगलंच आहे, हप्ते वेळेवर गेले तर दोघांच्याही पानावर चांगली नोंद होते. पण सहकर्जदार आणि सहमालक हे दोन वेगळे शब्द आहेत. कर्जाच्या कागदावर सही केली म्हणून घर तुमचं होत नाही. खरेदीखतावर नाव पाहिजे. मी अशा बायका पाहिल्या आहेत, ज्यांचं नाव कर्जावर होतं आणि घरावर नव्हतं. संसार मोडला तेव्हा हप्त्याची नोटीस तिला आली आणि घर दुसऱ्याकडे राहिलं. नवरा गेला तरी सहकर्जदाराची जबाबदारी संपत नाही. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पन्नास लाखांच्या घरामागे पन्नास हजार वाचतात. निदान तेवढ्या लोभाने तरी तिचं नाव घाला!

पान कसं बघायचं? या चारही कंपन्यांकडून दर वर्षी एकेक सविस्तर अहवाल फुकट मिळतो, त्यांच्या संकेतस्थळावर पॅन आणि मोबाइल घालून. स्वतःचं पान स्वतः बघितल्याने आकडा कमी होत नाही, ती अफवा आहे. भलतं कर्ज दिसलं, थकलेलं नसून थकलेलं दिसलं, तर तिथेच तक्रार नोंदवा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी त्यांचा नंबर १४४४८. आणि २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरा दिवसांनी माहिती कळवावी लागते, त्यामुळे केलेली फेड पानावर दिसायला पूर्वीइतका उशीर लागत नाही. पैसे घेऊन सिबिल वाढवून देतो म्हणणारे पत्रकवाले सिग्नलला उभे असतात. त्यांना हात जोडा.

जाता जाता एक. मागच्या आठवड्यात चाकणहून एका भावाचा केंद्रावर फोन आला. त्याने बायकोच्या नावावर ठेव ठेवली, कार्डही आलं, पण घरात आईचं म्हणणं, सुनेच्या हाती कशाला कार्ड, पोरगी उधळी होईल. मी त्याला सांगितलं, कार्ड कपाटात ठेवा, फक्त लाइटबिल त्यावर आपोआप जाऊ द्या, चावी हवी तर आईंकडे ठेवा. मग म्हटलं, जरा आईंना फोन द्या. आईंना विचारलं, तुमच्या नावावर काय आहे हो? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, गावाकडची जमीन विकली त्याची ठेव आहे ना. कुणाच्या नावावर? तर म्हणाल्या, थांबा, पोराला विचारून सांगते.

पुढच्या गुरुवारी याच वेळी वारस आणि नॉमिनी यांतल्या फरकाबद्दल बोलू. तोवर आपापली पासबुकं काढून ठेवा. नमस्कार.